सी विंगचा नंबर

"कुणाची आहे ही वायर?"

सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा सगळ्या बिल्डिंगची लाइट गेलेली होती. संध्याकाळची वेळ. माणसं मोबाइलचे टॉर्च लावून पार्किंगमध्ये उतरलेली. वायर माझ्या स्कूटीला लावलेली होती. स्कूटी माझी आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

"माझी," मी म्हणाले.

त्यांनी वाकून प्लग उपटला. गुंडाळून माझ्या हातात द्यायला हरकत नव्हती. दिला नाही. खाली टाकला. तिथं गाड्या धुतलेलं पाणी साचलं होतं, त्यात पडला.

"चाळ सुटली, पण आकडे टाकायची सवय काही सुटत नाही यांची," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. बाकीच्यांकडे बघून.

दोघं-तिघं हसले. बाकीचे गप्प. गप्प राहणारे मला जास्त लागतात. हसणाऱ्याचं निदान कळतं तरी.

मग वायरमन आला. कोपऱ्यावरच्या डीपीचा फ्यूज बदलला. लाइट आली. "बघा, काढली की आली," सेक्रेटरी म्हणाले. लाइट गेलेली असताना प्लग काढून काय होणार, हे कुणी विचारलं नाही. माझ्यासमोर ए विंगच्या आणि बी विंगच्या इलेक्ट्रिक गाड्या ओळीने उभ्या होत्या. लाइट आल्याबरोबर त्यांच्या चार्जरचे हिरवे दिवे परत लागले. त्यांच्या वायरी कुणी काढल्या नव्हत्या.

मी वायर उचलली. ओढणीने पुसली. वर गेले.

ती वायर आकड्याची नव्हती. माझ्या मीटरवरून रीतसर ओढलेली होती. खाली भिंतीवर माझा बोर्ड आहे, त्याचं बिल माझ्या नावावर येतं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं सगळे म्हणतात. बोलले असते. पण दिवसभर माणसांच्या शिरा शोधून आलेली होते. थकलेल्या माणसाच्या तोंडात शब्द वेळेवर येत नाहीत.

माझं काम म्हणजे रक्त घ्यायचं. लॅबसाठी सकाळी घरोघरी जायचं, उपाशीपोटीचं रक्त काढायचं, बर्फाच्या डब्यात नळ्या ठेवायच्या आणि लॅबवर पोचवायच्या. विरारला काही घरं, मग सातिवलीला कारखान्यातले लोक, मग तिकडून पार अर्नाळ्याला. स्कूटीशिवाय हे काम होत नाही. आणि रात्रभर चार्जिंग झाल्याशिवाय ती स्कूटी अर्नाळा गाठत नाही. लॅबने आधीच सांगितलंय, गाडी तुमची, चार्जिंग तुमचं. पोचली नाहीस तर दुसरी मुलगी आहे. एवढंच माझं दुखणं. बाकी मान-अपमानाचं म्हणाल तर त्याची सवय असते आम्हाला. म्हणजे लोकांना तसं वाटतं.

आम्ही विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीतले. चाळ पाडून ही बिल्डिंग झाली. पुढच्या दोन विंग बिल्डरने विकल्या. ए आणि बी. मागची सी विंग चाळीतल्या लोकांना दिली. आमच्या खिडक्या नाल्यावर. त्यांचं गेट पुढून, आमचं बाजूने. सोसायटी मात्र एकच, आणि डीपीही एकच. सेक्रेटरी ए विंगचे. चांगल्या नोकरीतले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. आमचं आडनाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते बोलता बोलता जरासे थांबले होते. मला ते थांबणं आता लांबूनच कळतं. शाळेपासून कळतं.

चाळीतली एक गोष्ट सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सगळ्या चाळीला एक बारीक लाइन होती. दोन इस्त्र्या एकदम लागल्या की फ्यूज गेलाच. म्हणून इस्त्री लावायच्या आधी बाई गॅलरीत यायची आणि ओरडायची, "लावतेय गं!" कुणाची आधीपासून चालू असली तर आतून आवाज यायचा, "थांब जरा." नसली तर कुणीतरी म्हणायचं, "लाव!" ते "लाव" कानावर पडल्याशिवाय कुणी बटण दाबत नव्हतं. भांडणं झालेल्या बायकासुद्धा एकमेकींना "लाव" म्हणायच्या. तेवढ्यापुरतं बोलायच्या आणि परत तोंड फिरवायच्या. आकडे टाकणारी माणसं असतो तर अशी ओरडून लावली असती का?

नळाचंही तसंच. नंबर असायचा. हंडा ठेवला की नंबर लागला. आणि दर सोमवारी नंबर फिरायचा. गेल्या आठवड्यात जी खोली शेवटची, ती ह्या आठवड्यात पहिली. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नाही.

माझे बाबा गावाहून इथं आले ते पोरवयात. गावात पाण्याला नंबर नव्हता. तिथं जात बघायचे. सगळ्यांचं भरून झालं की कुणीतरी वरून ओतायचं, आमच्या लोकांनी खाली हंडा धरायचा. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांचा हंडा ओळीत लागला. पुढे कुणाचा, मागे कुणाचा, काही नाही. बाबांना अजून विचारलं की शहरात काय मिळालं, तर ते घर सांगत नाहीत, नोकरी सांगत नाहीत. म्हणतात, "नंबर मिळाला."

तर लाइट पुन्हा गेली. आणि पुन्हा गेली. आता वायर काढायला माझी स्कूटीसुद्धा लावलेली नव्हती. मग वायरमनला बसवून विचारलं. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग घेतली. सी विंगचे आम्ही मागे उभे.

वायरमन म्हणाला, "साहेब, एक गाडी म्हणजे तीन-चार गिझर धरा. तुम्ही सगळे कामावरनं येता आणि एकदम लावता. वरती एसी चालू. डीपी दमणार नाय तर काय करणार?"

"आणि स्कूटी?" मी विचारलं.

"स्कूटीचं काय. इस्त्रीएवढा पण लोड नाय."

सगळ्यांनी ऐकलं. कुणाला काही वाटलं नाही. मी सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत होते. ते मोबाइल बघत होते. मला वाटलं होतं, निदान एकदा मान वर करतील. इतकी वेडी आशा मला ह्या वयात कशी राहिली, मला माहीत नाही.

मोठा डीपी पाहिजे तर अर्ज करा, वेळ लागेल, तोपर्यंत आलटून पालटून लावा, असं सांगून वायरमन गेला. मग आलटून पालटून म्हणजे कसं, यावर वाद सुरू झाला. एक म्हणाले, मला सकाळी लांब जायचं असतं. दुसरे म्हणाले, माझी गाडी मोठी आहे. तिसरे म्हणाले, मी आधी घेतली. एवढी शिकलेली माणसं, पण शेजाऱ्यासाठी घटकाभर थांबायचं म्हटलं की तोंडाला फेस आला.

आणि मी बोलले. मागून. चाळीतलं सगळं सांगितलं. लावायच्या आधी ओरडायचं, दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं, नंबर लावायचा.  सगळे ऐकत होते. सेक्रेटरी म्हणाले, "आयडिया चांगली आहे. ओरडायला नको, ग्रुपवर टाकू. पण नंबर लावू."

घरी येताना मी खूश होते, खोटं कशाला बोलू. बाबांना सांगितलं, आपल्या चाळीची पद्धत घेतली त्यांनी. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "नंबर लावला?" म्हणाले. "लावला," मी म्हणाले. ते बराच वेळ हसत होते.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. नंबर फिरतो, हे सांगितलं नव्हतं. सुचलंच नाही. नंबर म्हटल्यावर तो फिरणारच, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. पाणी ओलं असतं हे कुणी सांगतं का?

नंबर लागले. संध्याकाळी ए विंग. त्यांचं झालं की बी विंग. बी विंगचं पहाटे संपणार, मग सी विंग. म्हणजे माझी निघायची वेळ होत आली की माझं चार्जिंग सुरू. आणखी एक गोष्ट झाली. आमच्या बोर्डांना पत्र्याचे डबे बसवले आणि डब्यांना कुलूपं. चावी वॉचमनकडे. ए आणि बीच्या बोर्डांना कुलूप नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सेफ्टीसाठी."

माझा बोर्ड. माझं मीटर. कुलूप त्यांचं.

मी काकांकडे गेले. दारातच उभं राहून बोलले, आत बोलावलं नाही. म्हटलं, "काका, पहाटे लावून माझी स्कूटी अर्धीसुद्धा भरत नाही. मला अर्नाळ्यापर्यंत जायचं असतं."

"तुझी स्कूटीच आहे गं. थोड्यात भागतं. जरा ॲडजस्ट कर."

"मग नंबर कधी फिरणार?"

"फिरणार म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. सोंग नव्हतं ते. मला त्याचीच भीती वाटली. शेवटी म्हणाले, "अगं, कुणीतरी शेवटी असणारच ना."

कुणीतरी. मी जिना उतरले. लिफ्ट होती, पण उतरले.

आता ऐका. याच काकांच्या आईचं रक्त मीच घेते. आजींना साखर आहे. दर बुधवारी उपाशीपोटीचं रक्त. त्या दिवशी काका मला उजाडायच्या आत फोन करतात. "आईला पहिली घे हं. तिला उपाशी राहवत नाही." मी जाते. बॅग बाहेर चपलांजवळ ठेवायची, लागेल तेवढंच सामान आत न्यायचं. आजी चांगल्या आहेत. बाही वर करून हात पुढे करतात, "सावकाश टोच गं." त्यांची शीर मला डोळे मिटूनही सापडेल. माझ्या बोटांखाली त्या घराचं रक्त असतं, त्याचं कुणाला काही नाही. माझा प्लग मात्र त्यांच्या भिंतीजवळ नको.

दर बुधवारी अर्नाळ्यालाही एक म्हातारी असते. तीही साखरेची. एकटी राहते, किनाऱ्याकडच्या घरात. अंगणात मासळी वाळत घालते. ती लांब, म्हणून शेवटी. लॅबने तसं लावून दिलंय, मीही तशीच जात होते.

त्या बुधवारी स्कूटी अर्नाळ्याच्या वाटेवर, आगाशीच्या पुढे बंद पडली. मला अंदाज होता. काटा खाली येताना बघत होते, पण सातिवलीच्या लोकांना सोडून थोडंच जाता येतं. उतरले आणि ढकलायला लागले. रस्ता सपाट आहे, पण ह्या गाड्या जड असतात. ऊन चढलेलं. बर्फ वितळत असणार, नळ्या खराब होतील, लॅब बोलेल. आणि पुढे म्हातारी उपाशी. मी रडत नव्हते. रडायला सुद्धा थोडं चार्जिंग लागतं.

पोचले तेव्हा ती दारात बसली होती, भिंतीला टेकून. डोळे मिटलेले.  हात लावला तशी तिने डोळे उघडले. हाताला घाम, अंग थंड.

"आली का गो बाय," ती म्हणाली. "पानी पन नाय पिली मी."

"आजी, पाणी चालतं. पाणी प्यायचं."

"तू बोलली व्हतीस ना, काय खायाचा-पियाचा नाय."

मी आधी पटकन रक्त घेतलं, मग तिच्या तोंडात साखर घातली. घरात शिळी भाकरी आणि सुकी मासळी होती, ती दिली. ती खात होती, मी बाजूला जमिनीवर बसले होते.  तिने अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली. मी घेतली.

"गाडीला काय झाला?"

मी सांगितलं. लाइट, नंबर, कुलूप. सगळं. तिला का सांगितलं माहीत नाही. दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं, म्हणून असेल.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पयलं रगत कोनाचा घेतेस?"

"विरारला एक आजी आहेत. त्यांचं."

"ती पन उपाशीच असते ना?"

"हो."

"मंग एक बुधवार तिला थांबव. मी काय मरत नाय लगेच. पन एक बुधवार तिला थांबव ना गो."

रागाने नाही म्हणाली. भाकरी चावत म्हणाली. तिला मीटिंग माहीत नव्हती, काका माहीत नव्हते, आमची चाळ माहीत नव्हती. तरी नंबर फिरतो हे तिला माहीत होतं. मी काकांच्या दारात उभी राहून समजावत होते ते तिने एका वाक्यात सांगितलं, आणि ते मलाच सांगितलं. काका मला शेवटी ठेवतात. मी शेवटी, म्हणून ती शेवटी. वरून जे ओततात ते माझ्या हंड्यातून तिच्या हंड्यात जातं. आणि मी त्याला ॲडजस्ट करणं म्हणत होते.

पुढच्या बुधवारी उजाडायच्या आत फोन आला. "आईला पहिली घे हं."

"नाही काका," मी म्हणाले. "आज अर्नाळ्याचा नंबर पहिला."

"म्हणजे?"

"आजींचा आज शेवटी. नंबर फिरला. त्यांना पाणी प्यायला सांगा, चक्कर वाटली तर थांबू नका, साखर द्या आणि मला फोन करा."

मी फोन ठेवला.  स्कूटीत होतं तेवढं चार्जिंग घेऊन सरळ अर्नाळ्याला गेले. म्हातारी नुकतीच तोंड धुऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "आज कशी गो लवकर?" मी रक्त घेतलं आणि निघाले. 

विरारला आजींकडे पोचायला उशीर झाला. तेवढाच, जेवढा तिकडे दर बुधवारी व्हायचा. काकांनी दार उघडलं.

"माझ्या आईला उपाशी ठेवलंस तू."

"एक बुधवार ठेवलं," मी म्हणाले. "तिकडे एक आजी दर बुधवारी उपाशी राहतात."

"त्यांचा आमच्याशी काय संबंध?"

 मी बॅग घेऊन आत गेले. चपलांजवळ ठेवली नाही. आजींनी बाही वर केली. त्यांचा चेहरा उतरला होता, मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी म्हणाले, "आजी, आज तुमचा नंबर शेवटी होता." त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो का," म्हणाल्या आणि हात पुढे केला.

दुपारपर्यंत लॅबमधून फोन आला. तक्रार गेली होती. उद्धट मुलगी, पेशंटच्या जिवाशी खेळते. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर बघावं लागेल. ग्रुपवरही आलं, सी विंगच्या काही लोकांमुळे वातावरण बिघडतंय. नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती. आमच्या विंगमधल्या दोन बायका मला जिन्यात भेटल्या. एक म्हणाली, "कशाला गं त्यांच्या तोंडी लागायचं? पोरांना इथंच राहायचंय." दुसरी पिशवी सावरत वर गेली.  घरी बाबांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "म्हणजे नंबर लावला नव्हताच त्यांनी?"

"नाही बाबा."

ते खिडकीतून नाल्याकडे बघत राहिले. परत हसले नाहीत.

मी दमलेली आहे. हे स्पष्ट सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना माणसं शेवटी फार ताठ होतात. मी ताठ नाही. मला झोप हवी आहे. मला एक पूर्ण भरलेली स्कूटी हवी आहे आणि बुधवारी कुणी दारात टेकून बसलेलं नको आहे. एवढ्यासाठी भांडावं लागतं ह्याचाच मला वीट आलाय. पण वीट आला म्हणून मी आता मागे जाऊन उभी राहणार नाही.

आज सोमवार. संध्याकाळी मी खाली जाणार आहे. ए विंगच्या गाड्या येऊन लागायच्या आधी. वॉचमनकडे चावी मागणार नाही. बोर्ड माझा आहे, हार्डवेअरवाल्याला सांगून ठेवलंय, तो येऊन कुलूप कापणार आहे. त्यांची एक गाडी थांबेल. डीपी दमू नये हे मलाही कळतं, त्यांच्या आधीपासून कळतं. म्हणून मी चोरून लावणार नाही. पार्किंगच्या मधोमध उभी राहणार, सगळ्यांसमोर मान वर करून ओरडणार.

"लावतेय गं!"

आमच्या गॅलरीतून कुणी "लाव" म्हणालं तर म्हणालं. नाही म्हणालं तरी आज नंबर आमचा आहे. मी लावणार.